एकमताने

घरी तिला टिटवी म्हणत. लहानपणी झोप आली किंवा कुणी मनाविरुद्ध उचलून घेतलं की ती असा काही सूर लावायची की शेजारच्या गल्लीतली माणसं खिडकीत येत. पुढे ती मोठी झाली, आवाज खाली आला, तरी नाव चिकटलं ते चिकटलंच, कारण सूर बदलला होता, स्वभाव नव्हे. एखादी गोष्ट पटली नाही की ती तसं सांगायची, समोर कोण उभं आहे हे न बघता. विद्यापीठात शिकायला जायचं तिने ठरवलं तेव्हा आईने, मामाने, शेजारच्या काकूंनी आळीपाळीने तिला समजावून पाहिलं. मामाचं दुकान होतं आणि त्याला हाताशी घरचं माणूस हवं होतं. आईला एकटीने राहायची सवय नव्हती. शिवाय पदवी काय, जवळच्या कॉलेजातही मिळतेच की. टिटवीने प्रत्येकाचं शांतपणे ऐकून घेतलं आणि प्रत्येकाला एकच उत्तर दिलं. शेवटी मामाने कपाळाला हात लावला. "ताई, हिच्या 'नाही'ला कुलूप घातलंय आणि किल्ली हिने गिळलीय," तो म्हणाला. आई हसली, हसता हसता रडली, आणि टिटवी निघाली.

विद्यापीठ एवढं अवाढव्य होतं की सुरुवातीला ती त्यात नुसती वाहत राहिली. एका फाटकातून आत शिरलं की दुसऱ्या फाटकापर्यंत जायला बस धरावी लागे. इमारतींना थोरामोठ्यांची नावं दिलेली होती, पण विद्यार्थी त्यांना रंगावरून ओळखत. एक पिवळी, एक विटकरी, आणि जिला गिलावा करायचंच राहून गेलं होतं ती 'उघडी'. कार्यालयाच्या खिडक्यांसमोर रांगा लागत, रांगेत ओळखी होत, मैत्र्या जुळत, एखादं प्रेमप्रकरणही मार्गी लागे, आणि खिडकीशी पोचल्यावर कळे की ही रांग दुसऱ्याच कामाची. वाचनालयात जागा धरायला लोक खुर्चीवर मफलर ठेवत, पाण्याची बाटली ठेवत. एकाने तर पायातला एक बूट ठेवला होता आणि उरलेला एक घालून तो आरामात चहाला गेला होता. टिटवीला हे सगळं भारी आवडलं. इथे ती कुणाची मुलगी नव्हती, कुणाची भाची नव्हती. वाटेल त्या झाडाखाली बसावं, वाटेल त्या वर्गात मागच्या दाराने शिरून वाटेल तो विषय ऐकावा, कुणी हटकत नसे. एवढ्या गर्दीत आपल्याकडे कुणीच बघत नाही, ही गोष्ट तेव्हा तिला मोठी मोकळीक वाटली.

मुलींच्या जुन्या वसतिगृहात, वरच्या मजल्यावर तिला खोली मिळाली. खोलीत दोन पलंग, दोन टेबलं, एक खिडकी, आणि कायद्याच्या दुसऱ्या वर्षात शिकणारी एक उंच, हाडकुळी मुलगी, जिला सगळं वसतिगृह वकीलीण म्हणत असे. वकीलिणीला वाद घातल्याशिवाय अन्न पचत नसे. खिडकी उघडी ठेवायची की बंद, साबणाची वडी कुणी संपवली, आंघोळीला आधी कोण जाणार, यावर तिचा आणि टिटवीचा रोज सकाळी खटला चाले आणि रोज संध्याकाळी दोघी एकाच ताटातून खात. "तुझ्याशी भांडताना मला अभ्यास केल्यासारखं वाटतं," वकीलीण एकदा म्हणाली होती, आणि टिटवीला त्या वर्षात मिळालेलं ते सर्वांत मोठं प्रशस्तिपत्रक होतं.

इतिहासाचं व्याख्यान पिवळ्या इमारतीतल्या सर्वांत मोठ्या हॉलमध्ये होई. बाकांच्या रांगा उतरत उतरत खाली फळ्यापर्यंत जात आणि फळ्यापाशी सर उभे असत, इतके लांब की त्यांच्या चेहऱ्यापेक्षा त्यांचा आवाजच ओळखीचा झाला होता. तो आवाज मऊ, समजूतदार होता. मुलं त्यांना मखमल म्हणत. माणूस खरोखरच चांगला होता. बोलताना त्यांची नजर मात्र कायम वरच्या शेवटच्या रांगेच्याही वर, भिंत जिथे छताला मिळते तिथे कुठेतरी असे.

त्या दिवशी सर एका जुन्या बंदराबद्दल सांगत होते. गोदी बांधायची ठरली तेव्हा किनाऱ्यावरची आख्खी वस्ती हलवावी लागली. "आणि लोकांनी," सर म्हणाले, "आपली घरं स्वखुशीने सोडली. पटतंय ना सगळ्यांना?"

टिटवी उभी राहिली. हॉलमध्ये उभं राहून बोलण्याची ही तिची पहिलीच वेळ होती, पण आवाज ठणठणीत निघाला. "नाही पटत, सर. स्वखुशीने सोडली असं कोण म्हणतं? ज्यांची घरं गेली त्यांच्यापैकी कुणी तसं म्हटलंय का?"

सरांनी मान हलवली. त्यांचा आवाज प्रसन्न झाला. "फार छान. ज्यांची घरं गेली त्यांनी स्वतःच तसं म्हटलंय, हे यांनी नेमकं लक्षात आणून दिलं. धन्यवाद. तर मग, पुढे जाऊ."

ती उभीच राहिली. आजूबाजूच्या मुलांनी वह्यांत काहीतरी लिहून घेतलं. शेजारची मुलगी कौतुकाने तिच्या बाहीला हात लावून कुजबुजली, "मस्त बोललीस गं. मला नसतं सुचलं."

"काय बोलले मी?"

"हेच की. लोक खूश होते म्हणून."

टिटवी खाली बसली. मोठा हॉल, लांबचं अंतर, घुमणारा आवाज. अर्धं वाक्य ऐकू आलं असेल, उरलेलं त्यांनी आपल्या मनाने जुळवलं असेल, अशी तिने स्वतःची समजूत घातली. तास संपल्यावर ती खाली सरांपर्यंत गेली, पण तोवर त्यांच्याभोवती घोळका जमला होता, आणि घोळक्यावरून त्यांनी तिला ओळखीचं हसून हात केला.

संध्याकाळी तिने वकीलिणीला ही हकीकत सांगितली. वकीलीण पोट धरून हसली. "त्या हॉलमध्ये शिंकलं तरी आशीर्वाद दिल्यासारखं ऐकू येतं," ती म्हणाली, आणि विषय तिथेच संपला.

पण तो संपला नाही. खानावळीत वाढणारा, पळीवरून नजर न उचलता, "अजून भात?" असं विचारी, ती नको म्हणे आणि ताटात भाताचा ढीग पडे. दुकानातून नको असलेलं पेन घेऊन ती परतली. बसमध्ये एका बाईंनी, "इथे कुणी बसलंय का?" म्हणून विचारलं, तिने नाही म्हटलं, आणि बाई "बरं बरं" म्हणत पुढे निघून गेल्या, ती जागा शेवटपर्यंत रिकामी राहिली. या सगळ्याचं हसू यावं इतक्या या गोष्टी लहान होत्या. तिलाही सुरुवातीला हसूच आलं. नंतर नंतर ती भात मुकाट्याने संपवू लागली.

मग वसतिगृहाच्या दाराशी सूचना लागली. जुनी इमारत रिकामी करायची होती. नवी बांधायची होती, पण ती शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, आणि तिच्यात जागाही निम्म्याच. उरलेल्यांनी आपापली सोय पाहायची. हे सगळं अर्थात विद्यार्थ्यांच्या संमतीनेच व्हायचं होतं, आणि संमती घ्यायला विद्यापीठाची सर्वसाधारण सभा बोलावली होती.

"संमती," वकीलीण त्या शब्दावर बोट ठेवून म्हणाली. तिचे डोळे चमकत होते. "हे बघ, हा नियम त्यांचाच आहे. आपण नाही म्हटलं की त्यांना विटेला हात लावता येणार नाही. फक्त सगळ्यांनी नाही म्हणायला पाहिजे. खोलीखोलीत जाऊन सांगायला पाहिजे. आणि या कामाला तुझ्याइतकं लायक माणूस या इमारतीत दुसरं नाही."

टिटवी खोलीखोलीत गेली. असं बोलणं ती आयुष्यात बोलली नव्हती. दार वाजवायची, पलंगाच्या कडेवर टेकायची आणि सांगायची की आपण इथून हलायचं नाही, सभेत उभं राहून नाही म्हणायचं, भ्यायचं नाही. मुली केस विंचरत ऐकत, कपड्यांच्या घड्या घालत ऐकत, माना डोलवत. सगळ्यांना पटलं. एकीने तर तिला मिठी मारली. दिवसभर फिरून, घसा बसवून ती खोलीत परतली तेव्हा आपण मोठं काम केलं असं तिला वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी वर्गावरून येऊन पाहते तर मजल्यावरच्या सगळ्या दारांबाहेर बांधलेल्या बॅगा उभ्या होत्या. पुस्तकांचे गठ्ठे, गुंडाळलेल्या गाद्या, दोरीने बांधलेल्या बादल्या. मुली एकमेकींना मदत करत होत्या. तिला पाहून एकजण म्हणाली, "तू म्हणालीस तेच खरं, आधीच आवरून ठेवलेलं बरं."

खोलीत वकीलीण तिची वाट बघत उभी होती. तिचा चेहरा पांढरा पडला होता.

"काय सांगितलंस त्यांना?"

"हलायचं नाही म्हणून सांगितलं."

"मला तोंडावर परत तेच ऐकवतेस?" वकीलीण म्हणाली. "तुला जायचं होतं तर जा ना. पण त्यांना का फितवलंस? मी तुझ्यावर विश्वास ठेवला होता."

"अगं, मी म्हणतेय, हलायचं नाही. नाही!"

"ऐकलं मी," वकीलीण म्हणाली आणि तिने भिंतीकडे तोंड केलं.

टिटवी खिडकीशी गेली. काचेवर धूळ होती; धुळीत तिने बोटाने ते दोन अक्षरी उत्तर केवढ्या तरी मोठ्या अक्षरांत लिहिलं. "इकडे बघ. हे वाच."

"ऐकलं म्हटलं ना," वकीलिणीने मान न वळवता सांगितलं. "आता लिहून काय दाखवतेस." आणि ती तशीच बाहेर निघून गेली. संध्याकाळी झाडणाऱ्या बाईंनी खिडकी पुसून काढली.

त्याच आठवड्यात आईचा फोन आला. आईच्या आवाजात कितीतरी दिवसांत न ऐकलेला हलकेपणा होता.

"मामाला सांगितलं मी. त्याने तर दुकानात तुझ्यासाठी टेबलसुद्धा मांडून ठेवलंय. इतकं बरं वाटलं गं. परवा तू स्वतःहून म्हणालीस ना, वसतिगृह नसेल तर परत येते म्हणून."

"आई, मी असं म्हटलं नव्हतं. मी म्हणाले होते, काही झालं तरी मी येणार नाही."

"हो गं, तेच म्हणतेय मी."

"आई, नीट ऐक. मी येणार नाही."

पलीकडे आईने नाक ओढलं. "रडवू नकोस आता मला," ती म्हणाली. "किती गोड बोलायला लागलीस तू तिकडे जाऊन."

फोन ठेवल्यावर ती पलंगावर बसली. बाहेर मैदानात मुलं खेळत होती, कुणीतरी कुणाला तरी नावाने हाक मारत होतं. आतापर्यंत तिला राग येत होता. आता पहिल्यांदा भीती वाटली, आणि भीती अशी की कदाचित सगळे बरोबर असतील. कदाचित आपण खरोखरच हो म्हणत असू. गोड, समजूतदार, सगळ्यांना आवडणारी एक मुलगी आपल्या तोंडाने बोलत असेल, आणि आपण आत बसून नाही नाही म्हणत असल्याचं नुसतं आपल्याला वाटत असेल. वेड लागताना माणसाला असंच वाटत असेल का?

तिने दार लावून घेतलं, फोनवर आपला आवाज रेकॉर्ड केला आणि कानाशी धरून ऐकला. 'नाही.' स्वच्छ, टोकदार, घरी शेजारची गल्ली गोळा करणारा तोच सूर. तिने ते पुन्हा ऐकलं. मग तिने तो तुकडा आईला पाठवला. आईचं उत्तर लगेच आलं. त्यात एक हसरा चेहरा होता आणि खाली लिहिलं होतं, 'ये लवकर.'

ठीक आहे, टिटवीने स्वतःशी म्हटलं. दुसऱ्या कुणाला ऐकू येत नसेल तर न येवो. मला येतंय. माझं 'नाही' मला ऐकू येतंय तोवर ते आहे, आणि ते आहे तोवर मी ते म्हणणार.

त्यानंतर ती हट्टालाच पेटली. जिथे म्हणून तिला कुणी काही विचारी तिथे, मनात असो नसो, ती नाही म्हणू लागली. ताटात भात पडत राहिला. तिने तो खाणं बंद केलं, ढीग तसाच परत नेऊन ठेवू लागली. सरांच्या प्रत्येक 'पटतंय ना?'ला ती उभी राही, नाही म्हणे, धन्यवाद स्वीकारी आणि बसायची खूण झाली तरी उभीच राही. पूर्ण तास उभी राही. सर वर छताकडे बघत शिकवत राहत. मागच्यांना फळा दिसत नसे, पण तेही काही बोलत नसत. पाय दुखत. पण उभं असलेलं माणूस उभं असतं, त्याला कुणी बसलेलं म्हणू शकत नाही, एवढं तिच्या लक्षात आलं होतं.

आणि उभं राहिल्याने आणखी एक झालं. तिला चेहरे दिसू लागले. आजवर तिनेही कुणाकडे नीट पाहिलं नव्हतं. रांगेत पाठी पाहिल्या होत्या, वाचनालयात वाकलेल्या माना पाहिल्या होत्या. कुणी आपल्याकडे बघत नाही याची चीड येऊन येऊन, निदान आपण तरी लोकांकडे बघावं, असं तिने ठरवलं.

सभेच्या आदल्या दिवशी सकाळी वॉर्डनबाई खोलीत आल्या. वकीलीण गेले काही दिवस तिच्याशी अवाक्षर बोलली नव्हती. तिच्या पलंगाशेजारी दोन बॅगा बांधून तयार होत्या, आणि बॅगांवर, वर्षानुवर्षांचा संसार आवरल्यासारखा, तिचा फोल्डिंग दिवा आडवा ठेवलेला होता. वॉर्डनबाईंनी खोलीभर नजर फिरवली. भिंतींवरून, छतावरून, कोपऱ्यातल्या ओलीवरून.

"तुम्ही दोघी तयार ना?"

"हो मॅडम," वकीलिणीचा आवाज आला. "आमची काही हरकत नाही."

टिटवी तिच्या तोंडाकडे बघत होती. 'हो' म्हणताना ओठांचा चंबू होतो. वकीलिणीचे ओठ गोल झालेच नाहीत. ते फाकले, जिभेचं टोक वरच्या दातांमागे टेकलं आणि सुटलं, आणि तिच्या मानेची शीर, ओरडताना ताणावी तशी ताणली होती. आवाज मात्र नम्र, खालच्या पट्टीतला. वॉर्डनबाई "शहाण्या मुली गं" म्हणून निघून गेल्या. वकीलीण पलंगावर बसली आणि जमिनीकडे बघत राहिली. एखाद्याला बुडताना तळ दिसावा तसे तिचे डोळे झाले होते.

टिटवीने जाऊन तिची हनुवटी धरली आणि तिचं तोंड वर केलं. "परत म्हण."

"हो," वकीलिणीचा आवाज म्हणाला. जिभेचं टोक दातांमागे टेकलं आणि सुटलं.

टिटवीने तिचा हात उचलला, तिची बोटं आपल्या ओठांवर ठेवली आणि दाबून धरली. मग ती आपला तो शब्द म्हणाली. सावकाश म्हणाली. पुन्हा म्हणाली. वकीलिणीच्या बोटांना प्रथम काही कळलं नाही. मग ती ओठांवरून चाचपडत फिरली, आणि आंधळ्याने ओळखीचा चेहरा हाताने शोधून काढावा तसा तिने तो शब्द शोधून काढला.

"तू पण?" ती म्हणाली.

"कधीपासून?" टिटवीने विचारलं.

"तू खोल्या फिरलीस त्याच्याही आधीपासून. मला वाटलं, माझं डोकं फिरलंय. म्हणून तर मी... मी तुलाच फितूर म्हणाले."

वकीलीण रडली नाही. तिने एक सणसणीत शिवी हासडली, आणि ती मात्र स्पष्ट ऐकू आली. इतकी स्पष्ट की बाहेरून जाणारी मुलगी दचकून थांबली. दोघी एकमेकींकडे बघून हसायला लागल्या, आणि हसता हसता त्यांनी बॅगा सोडायला सुरुवात केली. पुस्तकं परत फळीवर गेली. दिवा टेबलावर उभा राहिला. गाद्या उलगडल्या. सगळं लागल्यावर वकीलीण बोलली, आणि टिटवीने ते तिच्या ओठांवरून वाचलं, "उद्या बोलण्यात अर्थ नाही. पण जायचं. जायचं आणि बसायचं. मला उचलून नेल्याशिवाय मी जागची हलणार नाही. उचलून नेलेल्या माणसाची संमती होती असं कुठलंही न्यायालय म्हणत नाही."

"आणि म्हटलं तर?"

"तर परत जाऊन बसायचं."

सभा सकाळची होती. विटकरी इमारतीमधला दीक्षान्त समारंभाचा तो प्रचंड हॉल खालपासून वरच्या सज्जापर्यंत भरला होता; सगळ्या विभागांची मुलं, सगळ्या वसतिगृहांची मुलं, प्राध्यापक, कार्यालयातली माणसं. उंच खिडक्यांतून ऊन आत येत होतं आणि गर्दीचा गुणगुणाट त्या उन्हातल्या धुळीसारखा वर तरंगत होता. बाजूच्या खुर्च्यांत सर दिसले. वॉर्डनबाई दिसल्या. टिटवी आणि वकीलीण मधल्या रांगेत, एकमेकींचे हात धरून बसल्या.

कुलगुरू बोलायला उठले. थकलेल्या, सभ्य चेहऱ्याचे गृहस्थ होते. इमारत कशी जुनी झाली आहे, भविष्य कसं सुंदर असणार आहे, हे सगळं त्यांनी सांगितलं. विद्यापीठ कुणावरही काही लादत नाही, ते म्हणाले. निर्णय तुमचा आहे. मग ते थांबले, आणि पाण्याचा घोट घेऊन त्यांनी विचारलं, "तर मग, मान्य आहे?"

टिटवी उभी राहिली, पण व्यासपीठाकडे तोंड करून नव्हे. ती मागे वळली, तिने हॉलकडे तोंड केलं, आणि सगळा जीव एकवटून ती ओरडली. त्याच क्षणी तावदानं थरथरतील असा एकच आवाज उठला.

"मान्य!"

'म' म्हणायला ओठ मिटावे लागतात. त्याला इलाज नाही. लहान मूलसुद्धा ओठ मिटल्याशिवाय 'म' म्हणू शकत नाही. टिटवी बघत होती. पाठच्या रांगेतली मुलं, त्यांच्या मागची, सज्जातली, बॅगा बांधून ठेवलेल्या तिच्या मजल्यावरच्या मुली, कार्यालयातल्या खिडक्यांमागची माणसं, वॉर्डनबाई, सर. हजारो तोंडं उघडी होती आणि मानेच्या शिरा ताणलेल्या होत्या, आणि त्या एवढ्या मोठ्या गर्दीत एकाही माणसाचे ओठ मिटले नव्हते. छताकडे न बघता सर या वेळी समोर बघत होते. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

तिने वकीलिणीचा हात घट्ट आवळला. "बघ," ती म्हणाली. "सगळ्यांकडे बघ." वकीलीण उभी राहिली आणि वळली. मग त्यांच्या रांगेतल्या आणखी कुणीतरी मान वळवली, मग त्याच्या मागच्याने. आणि माणसं, सवय नसल्यासारखी, एकमेकांच्या तोंडाकडे बघू लागली.

"एकमताने मंजूर," ध्वनिक्षेपकातून कुलगुरूंचा आवाज आला. टिटवीने व्यासपीठाकडे पाहिलं. माईकसमोर त्यांनी दोन्ही हातांनी टेबलाची कड धरली होती. त्यांचे ओठ फाकले होते, आणि जीभ दातांमागे टेकत होती, सुटत होती, पुन्हा टेकत होती.

"सभा संपली. सर्वांचे आभार."

टाळ्यांचा कडकडाट झाला. पाठोपाठ खुर्च्या मागे सरकल्या, शेकडो, हजारो. पावलं दारांकडे निघाली, कुणी हसलं, कुणी कुणाला चहाला येतोस का म्हणून विचारलं, जिन्यावरून घोळके बडबडत खाली उतरले, आणि ती बडबड हळूहळू मैदानापलीकडे विरत गेली. शेवटी मागे राहिलेलं कुणी एक, एकट्याच्या पावलांनी, हॉलच्या लांबीभर चालत गेलं. दार लागल्याचा आवाज झाला. मग पूर्ण शांतता पसरली.

आवाज निघून गेले होते, पण हॉल गच्च भरलेला होता. ऊन पहिल्या रांगेवरून दुसऱ्या रांगेवर सरकलं होतं. कुलगुरू टेबलाची कड धरून उभे होते, दारं सताड उघडी होती, आणि जागचं एकही माणूस हललं नव्हतं.